काळी वर, पिवळी खाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

— आणि वर मलाच म्हणे, हात लावू नका! गिरमिट मी फिरवायचं, भोक मी पाडायचं, खांदे माझे भरून यायचे, आणि माती बाहेर आली की ती यांची! मातीच्या बाई. माझ्या लेकीएवढ्या असतील. डोंगराच्या पायथ्याशी घरं व्हायचीत, म्हणून आधी एकेका जागेची माती तपासतात. निघतील तसे गोळे प्लास्टिकवर ओळीने मांडायचे, वरचा आधी, तळाचा शेवटी. मग त्या भिजवणार, बोटांत वळणार, रंगांच्या पुस्तकाला लावून बघणार. एक ढेकूळ म्हणे दाणेदार, दुसरं ठोकळेदार. ढेकूळ ते ढेकूळ!

हा पायथा म्हणजे पंखा आहे म्हणाल्या — ओढ्याने डोंगरावरून आणून पसरलेली माती. मी विचारलं, बटण कुठंय? हसल्या तरी.

५ फेब्रुवारी

आज वन्संची जागा. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीलाच कोपरा निघाला, मग काय विचारता! बघायला आल्या. शेजारणीला सांगतात, "आमची भावजय शिकली नाही, पण खणते छान."

डोकं तापलं. त्या गेल्या, मी फणकाऱ्याने वळले, तो पाय प्लास्टिकवर. गोळे घरंगळले. बाई फोनवर बोलत लांब गेलेल्या. कुठला कुठे होता कोणाला आठवतंय! काळे आधी, मग तांबूस, मग पिवळे — रंगाने लावून टाकले. बाईंनी तसंच लिहून घेतलं. नीट मांडलंय, म्हणाल्या.

६ फेब्रुवारी

पाठ धरली. घरीच.

७ फेब्रुवारी

कोपऱ्याशेजारच्या जागेत पिवळी वर निघाली, काळी खाली! बाईंनी काळा गोळा बोटांत चुरून पाहिला. मग म्हणाल्या, काळी म्हणजे कधीकाळची वरची जमीन, गवत उगवलेली. तिच्यावर डोंगराची माती येऊन बसलीय. पुन्हाही येईल. इथे घर नको. कोपऱ्याची जागा तेवढी बरी, तिथे काळी वरच आहे.

माझे हातपाय गार पडले.

खरं लिहायचं तर आधी गार नाही पडले. आधी बरं वाटलं. वन्संच्या दारातून चिखल आत शिरताना दिसला, आणि बरं वाटलं. त्यांची दोन नातवंडं त्याच घरात झोपणार, हे नंतर आठवलं. शी! काय बाई आहे मी.

९ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

वन्सं घराचा नकाशा दाखवायला आल्या. नातवंडांची खोली डोंगराच्या अंगाला, वारा येतो म्हणून. मला विचारलं, तू खणलंस ना, कशी आहे माती? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं. आणि मी म्हटलं, चांगली आहे.

त्या गेल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. बाईंना, वन्संच्या देखत. पाय लागला ते, रंगाने लावले ते, सगळं. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, मीही समोर असायला हवं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं — निदान ओरडायचं तरी! उद्या तिथे पुन्हा भोक.

१३ फेब्रुवारी

काळी वरच! मग तांबूस, मग पिवळी. कोपरा जरा उंचवट्यावर आहे, ओढ्याची माती तिथवर चढलीच नव्हती. जागा पक्की. बाईंनी हुश्श केलं. मी तर वेड्यासारखी हसायला लागले.

वन्सं हसल्या नाहीत. माझ्या हातातलं गिरमिट काढून बाजूला ठेवलं.

"माती चांगलीच निघाली. पण सोमवारी तुला ते ठाऊक नव्हतं. तरी माझ्या तोंडावर चांगली म्हणालीस. का? रविवारी पाया खणायला माणसं येतायत. त्याच्या आत मला सांग."