चौथी पट्टी

४ जून, सोलापूर
पुण्याहून बसने घरी. चार दिवस सुट्टी. एकाच दुपारी दोन मेल. विमान कंपनी म्हणते, कॅप्टन होण्याचं ट्रेनिंग १ जुलैपासून. फौजेतलं युनिट म्हणतं, वार्षिक कॅम्प १ जुलैपासून, दोन महिने. दोघांनाही उत्तर २० तारखेपर्यंत हवं. एकाच भटजीकडून मुहूर्त काढल्यासारखं.
अर्धवेळ फौजेत मी कॅप्टन. विमानात चव्वेचाळिसाव्या वर्षीही उजव्या खुर्चीतला को-पायलट. जमिनीवर साहेब, हवेत मदतनीस.

५ जून
दोन्हीकडे फोन. कंपनीतली मुलगी, गोड आवाजात: "सर, या वेळी नाही म्हणालात तर नाव यादीच्या तळाला जाईल." तळाशी गेलेले लोक पाहिलेत. अजून तिथेच आहेत.
युनिटचे प्रमुख, सीओ साहेब: "मागच्या वर्षी सूट घेतलीस. या वेळी ये, नाहीतर राजीनामा पाठव." आवाज गोड नव्हता. फरक तेवढाच.

७ जून
शुक्रवार पेठेत रफिकभाईंकडे इस्त्रीला कपडे दिले. पांढरे, हिरवे, एकाच गाठोड्यात. माझी दोन्ही आयुष्यं एकत्र बघणारा हा एकच माणूस उरलाय. बायकोने, स्मिताने, बघितली होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याला राहायला गेली. जाताना म्हणाली, "दोन युनिफॉर्म आहेत तुझ्याकडे. घरात घालायला काय आहे?" उत्तर सुचलं. तोवर रिक्षा सात रस्ता चौकात पोचली असेल.

११ जून, हॉटेल
खोली ४१२. काल ३०८. आजचा कॅप्टन भला माणूस. दोन फ्लाइटभर बोललो. मुलांची शाळा, गुडघे, सगळं. उतरल्यावर, "चला, भेटू." आमच्यात याचा अर्थ, नाही भेटणार.
कॅम्पातले सुभेदार आठवले. रोज दुपारी तंबूच्या तोंडाशी: "साहेब, जेवलात का?" वर्षाचे दोन महिने मला कोणीतरी हे विचारतं. उरलेले दहा महिने विचारतात, व्हेज की नॉनव्हेज.
तरी पण ती डावी खुर्ची, कॅप्टनची. नऊ वर्षं शेजारून बघतोय तिच्याकडे. हात लांब केला तर लागते.

१६ जून, सोलापूर
कपडे आणले. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यांवर माझ्या तीन सोनेरी पट्ट्या असतात. आज चार. दोन्ही खांदे तपासले. चारच.
तसाच परत गेलो.
"रफिकभाई, हे काय?"
"तुमीच सांगितलं की, फौजेत कॅप्टन हाय म्हणून. कॅप्टनला चार असतात, म्या फोनवर बघितलं. कंपनीनं एक कमी दिली तुमाला. जरीवाल्याकडून लावून घेतली. आपल्याकडून भेट."
समजावलं. तिथला कॅप्टन वेगळा, इथला वेगळा, इथला मी अजून झालो नाही. ते हिरमुसले.
"मग काढू का?"
"थांबा जरा," म्हणालो. का म्हणालो...
नऊ वर्षांत मला बढती दिली ती एकट्या इस्त्रीवाल्याने.

१९ जून
दोन्ही उत्तरं लिहिली. दोन्हींत 'हो'. मग दोन्हींत 'नाही'. पाठवलं काहीच नाही. स्मिताला फोन लावावासा वाटला. ती म्हणेल, तुझं तू बघ. ते तर बघतोच आहे.
ब्लेड घेऊन पट्टीशी बसलो. दोन टाके उसवले. काम फार घट्ट केलंय.

२० जून, बसमध्ये
उद्याच्या फ्लाइटला, खांद्यांवर चढवायची तीन पट्ट्यांची जुनी जोडी ट्रंकेत सापडली. चारवाली रफिकभाईंच्या टेबलावर ठेवली. उसवलेले टाके त्यांनी लगेच पाहिले.
"काय ठरलं, साहेब? काढू का ऱ्हाऊ दे?"
"संध्याकाळी फोन करतो."
"बरं. खाऊन निघालाव व्हय?"
नाही म्हणालो. त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी अर्धी केली, वर चटणी, कागदात गुंडाळून हातात दिली.
मोडनिंब गेलं. भाकरी संपली. दोन्ही उत्तरं अजून पाठवायचीच आहेत. फोनला रेंज पूर्ण आहे, म्हणजे ती सबबही गेली.