कमानीवरचं नाव

तात्या,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला. इतके दिवस तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय, कारण उद्या सकाळी गावात आपल्या रखमाजी पणजोबांच्या नावाच्या कमानीचं उद्घाटन आहे आणि तुमच्या कादंबरीतलं पान मी वाचायचं ठरलंय. मला भीती वाटतेय.

कुठलं पान ते तुम्हाला सांगायला नको. बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडून रखमाजी मेंढरांच्या वाड्यात लपतो आणि गेनू पोलिसांना जागा दाखवतो, ते. काय लिहिलंत हो! लहानपणी वाचताना मी रडायचे. रखमाजीची पणती म्हणून शाळेत मिरवायचे.

आणि शेवटच्या आठवड्यात, बारामतीच्या दवाखान्यात, मोसंबीची फोड हातात धरून तुम्ही म्हणालात, "शालन, उलटं हाय ते. तारा गेनूनं तोडल्या. आपल्याच वाड्यात लपला व्हता. दावून दिला आपल्या म्हाताऱ्यानं."

मग असं का लिहिलंत, मी विचारलं.

"कादंबरी हाय ती, इतिहास न्हाय. आन आपल्या गावात पुस्तकं वाचतंय कोण?"

वाचलं की गावानं! एवढे शिकलेले मास्तर तुम्ही, निदान नावं तरी बदलायची होतीत. दर झेंडावंदनाला शाळेत तोच प्रसंग बसवतात. गेनू स्टेजवर आला की लोक शिव्या घालतात. इंग्रज गेले, पण आपल्या घरची फितुरी तुम्ही एका गरीब घराच्या माथी मारलीत.

गेल्या आठवड्यात गेनूची नात पारूबाई डाळजहून आली होती. चहाला हात लावला नाही तिनं. "बाय, माज्या आजाला बेड्या घालून इंदापूरला नेलं. जेलातच मेला. फितुराला कोण जेलात घालतं व्हय?"

मी सरपंचांना सगळं खरं सांगितलं. ते हसले. "मॅडम, कमान रंगवून झालीय. जुनं उकरू नगा. कालिजात रोज एकट्याच गाडीवरनं येता-जाता, न्हाय का?" आवाज अगदी मायेचा होता. काल बारामतीहून परतताना एक मोटरसायकल घरापर्यंत मागं होती. मागं बसलेला जाता जाता म्हणाला, "पान पाठ केलं का?"

तुमचा राग येतो आणि आठवणही येते, दोन्ही एकदमच. मी कोण, हे मला तुमच्या पुस्तकानंच सांगितलं होतं. आता मी फितुराची पणती आहे. हे तोंडानं म्हणायला मला वर्ष लागलं, तात्या. तुमचं तर आयुष्य गेलं.

उद्या पान मी वाचणार. तुमची भाषा बदलणार नाही, तेवढी सुंदर मला जमणार नाही. फक्त रखमाजीच्या जागी गेनू म्हणेन आणि गेनूच्या जागी रखमाजी. पारूबाईला पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय. तुम्हाला वचन देते, कोणी माइक बंद केला तरी मी मध्येच थांबणार नाही.

तुमची मुलगी,
शालन