एकाच ड्रममध्ये

अण्णा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी कुणी दार जोरात लोटलं की मी भिंतीला चिकटते.

मी दहावीला होते. सोनपेठच्या शिवारात आपलं टरबूज होतं, नवंकोरं ठिबक होतं. दोन क्षारांची नितळ द्रावणं एकत्र ओतली की कधीकधी न विरघळणारा साका तयार होतो, हे शाळेत नुकतंच शिकले होते. स्वयंपाकघरात काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट, तुमच्याच गोण्यांतलं. तुमच्यासमोर एकातलं दुसऱ्यात ओतलं. ताकासारखं पांढरं झालं. "अण्णा, ही दोन खतं एका ड्रममध्ये नका टाकू, नळ्या चोंदतील." तुम्ही अशी थोबाडीत दिली की ग्लास चुलीवर जाऊन फुटला. "चार बुकं शिकली अन् बापाला शेती शिकवायलीस?"

दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोन्ही खतं एका ड्रममध्ये ओतली. मी पाण्याचा काळा पाइप धरून शेजारी उभी. आठवड्यात ठिबक बंद, भर उन्हात वेलांनी माना टाकल्या. ड्रम आई धुवायची. "अवो, घासून धुतलाय," ती म्हणतेय, आणि तुम्ही, "धुण्याची पावडर राहू दिलीस, रांडे!" तोच काळा पाइप. पाठ, हात, डोकं, परत डोकं. ती ओरडायची थांबली तरी तुम्ही थांबेनात. डाव्या कानातून रक्त आलं, आणि तो कान गेला तो गेलाच. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणारे बोलोत.

आता माझं खताचं दुकान आहे. येईल त्याला दम भरते, "कॅल्शियम येगळ्या दिवशी सोडा, दादा. न्हाईतर गोणी ठेवा खाली." लोक म्हणतात, बाई लय फटकळ हाय. आई शेजारी बसते, उजवा कान माझ्याकडं करून.

खरं सांगू? त्या दिवशी ड्रममधलं पाणी पांढरं झालं तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, "हे असं का व्हायलंय गं?" माझा गाल अजून ठणकत होता. मी म्हणाले, "हलवत राहा, विरघळंल."

मारणारा हात तुमचाच होता, ते मी माझ्या अंगावर घेत नाही. पण आई अजून म्हणते, "माझ्याकडूनच ड्रम नीट धुतला गेला नसंल, बाई." तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही.