चार वाजून दहा मिनिटांचे ऊन

वाटणीपूर्वी या मृत्युपत्राला एक गोष्ट सिद्ध करायची आहे : वडिलांचे बाइंडिंगचे दुकान जळाले, त्या नऊ तारखेला माझा धाकटा भाऊ दुकानात नव्हता.

मी, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझ्या स्मरणशक्तीविषयी शंका असल्यास कोणत्याही जुन्या विद्यार्थ्याचे गुण मला विचारावेत.

१. वडिलांचे काम टिपून ठेवावे म्हणून मी दुकानात व्हिडिओ कॅमेरा बसवला होता. एकसष्ट टेपा झाल्या. आगीच्या आठवड्यात वडील आजारी होते. दुकान भाऊ एकटा पाहत होता. कॅमेरा आणि टेपा लोखंडी कपाटामुळे आगीतून वाचल्या. त्यांतल्या त्या आठवड्याच्या टेपमध्ये भाऊ शेगडीवर सरस ढवळताना दिसतो. कोपऱ्यात आकडे : नऊ तारीख, ४:१०. आग त्याच संध्याकाळी, शेगडीच्याच बाजूने लागली. भाऊ सांगत होता, की मुलाखतीसाठी तो आठ तारखेच्या रात्रीच्या बसने परगावी गेला होता. मी वडिलांना टेप लावून दाखवली. ते म्हणाले, "दुकान गेलं ते गेलं. खोटारडा घरात नको." तेहतीस वर्षे तो आलेला नाही.

२. गेल्या वर्षी टेपांना बुरशी धरू लागली, म्हणून त्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी टेपवाल्याकडे नेल्या. हा गृहस्थ एका खोलीत तीन जुने व्हिडिओ रेकॉर्डर जिवापाड जपतो. त्याने ती टेप लावली आणि म्हणाला, "बाई, तुमचे बंधू पहाटे चारला उठून सरस ढवळायचे?"

"पहाटे कशाला? दुपारी."

"मग हे ए.एम. कुठून आलं? आणि पहाटेचं एवढं ऊन?"

घरच्या टीव्हीचा पडदा चित्राच्या कडा थोड्या झाकत असे. संगणकावर चित्र पूर्ण दिसते. ती दोन अक्षरे त्या झाकलेल्या कडेत होती. ऊन आहे म्हणजे पहाट नाही. म्हणजे घड्याळ बारा तास चुकलेले. असे घड्याळ तारीख मध्यरात्री बदलत नाही, भर दुपारी बारा वाजता बदलते. पण ते बारा तास पुढे होते की मागे? आगीच्या आदल्या महिन्यातल्या एका टेपमध्ये वडील जेवणाचा डबा उघडतात तेव्हा बारा तारीख, डबा बंद करतात तेव्हा तेरा. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान मात्र अखेरपर्यंत बाराच. म्हणजे पुढे. म्हणून आठ तारखेच्या दुपारी ते घड्याळ नऊ दाखवणारच. ते मीच लावले होते.

तो डबा मी अकरा वेळा पाहिला. इतकी मौज मला कित्येक वर्षांत कशाची वाटली नव्हती. अकराव्या वेळी टेपवाला म्हणाला, "ते राहू द्या. बंधूंना कळवलंत का?"

३. माझे राहते घर व बँकेतील ठेवी भावाला. ही दया नव्हे. त्याने नाकारल्यास त्याच्या मुलीला. तिने तरी बापाचा हट्ट चालवू नये.

४. वडिलांची सुया-दोऱ्यांची पेटी व कागद दाबायचा प्रेस भाचीलाच.

५. साठ मूळ टेपा आणि कॅमेरा टेपवाल्याला. नक्कल झाली म्हणून मूळ टेप फेकू नये आणि कोणत्याही नकलेत चित्राच्या कडा कापू नयेत.

६. एकसष्टावी टेप चुलतभावाला. वडील पुठ्ठ्यावर कापड चढवतानाच्या चित्रणावर त्याने न विचारता टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना टिपून घेतला. त्यात त्याचा संघ हरला आहे.

७. आग कशाने लागली हे मला ठाऊक नाही. जाणून घ्यायला फार आवडले असते. पुराव्यावाचून कोणी नवा आरोपी उभा करू नये.

८. या लेखाची प्रत आजच भावाला पाठवत आहे. ती वाचण्यासाठी त्याने माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदार : वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर (सही), समोरचे शिंपी (सही). दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे आधी सांगितले. शिंपी म्हणाले, "मग चहा तरी टाका." टाकला.

स्थळ : माझे राहते घर. दिनांक : अठरा फेब्रुवारी.

कबुली : घड्याळ चुकीचे लागणे हा अपघात होता, तो मी चुकीत धरत नाही. चूक ही : वडिलांना टेप दाखवली त्या दिवशी भावाने खिशातून बसचे तिकीट काढून माझ्यापुढे धरले. म्हणाला, "ताई, हे बघ तरी." मी ते हातात घेतले नाही.

(सही)