फोमवर माझा विश्वास आहे

७ एप्रिल, सकाळ
मटेरियल सिलेक्शनचं सगळं काम माझ्याकडे आलं. स्कूटरच्या बॅटरीत सेल एकमेकांना खेटून असतात. एक तापला तर शेजारचा पेटू नये म्हणून मध्ये काय घालायचं, ते आता फैझल ठरवणार. म्हणजे मी.
संकल्प: घाईत निर्णय घ्यायचा नाही.

७ एप्रिल, संध्याकाळ
निर्णय घेतला. फोम. हलका, मऊ, कापायला सोपा. अभ्रकाची शीट जड, शिवाय ठिसूळ. आणि अभ्रक सुचवलंय आलिमानं. ती टीममध्ये नवीन आहे.

१५ एप्रिल
ओव्हन टेस्टमध्ये फोम आकसला. कडेला बोट जाईल एवढी फट. ओव्हन जुना आहे. आलिमाला म्हटलं, पुण्यात एवढी गरमी असते कुठे? तर म्हणे, बॅटरीच्या आत पुणं नसतं, सर. राहते खराडीत, बोलणं पेठेतलं.

२२ एप्रिल
खरी टेस्ट रस्त्यावरच होते. फोम घातलेला ट्रायल बॅटरी पॅक धाकट्या भावाच्या स्कूटरला बसवला. रज्जाकची विश्रांतवाडीत बेकरी आहे, दिवसभर केक पोचवत फिरतो. यापेक्षा चांगला डेटा कुठे मिळणार? फार खूश झाला. ओव्हन टेस्टचं सांगितलं नाही. उगाच डोक्याला ताप.

२९ एप्रिल
रज्जाकचा फोन. सीट तापते म्हणे. मे तोंडावर आलाय, तापणारच. आलिमा म्हणते, पॅक आजच्या आज काढा. शनिवारी काढतो. नक्की.

४ मे
काल वाघोलीला लग्न होतं. राहिलं.

५ मे, दुपार
आळंदी रोडवर स्कूटर पेटली. रज्जाक वेळेत उतरला होता. पण परत गेला, सीट उचलून पॅक ओढायला. लोक ओरडत होते. भावाचं मॉडेल आहे, म्हणाला. दोन्ही हात भाजले.

६ मे, हॉस्पिटल
कारणं बरीच असू शकतात. चार्जर. खड्डे. स्पीडब्रेकर. रझियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, नीट समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "भाईजान, जरा सरका. त्यांना पाणी द्यायचंय."

१२ मे
ऑफिसात अभ्रक फायनल. प्रेझेंटेशन आलिमा देणार. मी सध्या रजेवर आहे, असं साहेबांनी मला कळवलं. बरंच झालं. विश्रांती हवीच होती.
संध्याकाळी रज्जाकच्या घरी गेलो. दोन्ही हातांना पट्ट्या. त्यानं विचारलं, "तुला आधी कुणी सांगितलं होतं का?"
मी खड्ड्यांचं सुरू केलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग परत तेच विचारलं.
हो म्हटलं.
रझिया त्याला वरण-भात भरवत होती. मध्येच कुकरची शिट्टी झाली, ती उठली. मी ताट जवळ ओढलं, घास कालवून पुढे केला.
त्यानं तोंड उघडलं नाही.