हत्तीवाल्यांच्या शंका

५ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा शंकांचा ढीग! लोक शंका विचारत नाहीत, वकिली करतात. एकानं विचारलंय — ‘टेकडीवर उभी असलेली तुकडी’ म्हणजे सगळी तुकडी टेकडीवर हवी, की पुढची रांग असली तरी चालेल? अर्थात त्याची पुढची रांगच टेकडीवर आहे. शब्दाचा कीस काढायचा, तो स्वतःला हवा तसाच.

आमच्या मंडळातल्या दाढीवाल्यांनी या खेळाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं आणि हात टेकले. मोठं टेबल, त्यावर शिशाचे बोटभर सैनिक, जुन्या काळच्या फौजा — भालेवाले, तिरंदाज, घोडेस्वार. पट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, लढायचं. एवढ्याशा खेळावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी होतात! म्हणून शंकानिरसन माझ्या गळ्यात. “तू रक्तपेढीत काम करतेस. तुझ्याकडे ‘साधारण’ हा शब्दच नसतो,” म्हणे. कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

टेकडीवाल्याला उत्तर — सगळी तुकडी. रागावेल. रागावू दे.

८ जानेवारी

टेकडीवाला रागावला.

११ जानेवारी, रविवार

सकाळपासून हा खिडकीपाशी बसून घोड्यांच्या शेपट्या रंगवतोय. भिंग, चिमटा, दोन केसांचा ब्रश. “जेवायला ये” म्हटलं तर “एवढी शेपटी होऊ दे.” लग्न झाल्यापासून मी शेपट्यांच्या मागेच आहे.

आज एक वेगळीच शंका आली. कोणी निवृत्त गृहस्थ आहेत, आमच्या मंडळात कधी न आलेले. त्यांच्या हत्तींनी समोरच्या भालेवाल्यांवर चाल केली. भालेवाले ओढ्याच्या काठावर. तर त्यांना काठाचा फायदा मिळायला हवा ना? असं विचारतायत.

त्यांना! म्हणजे शत्रूला!

दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत शत्रूची बाजू घेऊन भांडणारा माणूस पहिल्यांदा भेटला. मिळतो फायदा, असं कळवलं. लगेच उत्तर — “फार आभारी आहे.” स्वतःचे हत्ती मेले म्हणून आभार!

१४ जानेवारी

हत्तीवाले पुन्हा. समोरच्याचे घोडेस्वार दमलेत, त्यांना एक फेरी विसावा घेता येईल का? नाही, शत्रू इतका जवळ असताना येत नाही. मग त्यांनी, म्हणजे हत्तीवाल्यांनी, आपले तिरंदाज मागे घेतले तर येईल का?

तर येईल. पण मागे का घ्यायचे?

१७ जानेवारी

पळणाऱ्या तुकडीला किती वेळा सावरता येतं? हीही समोरच्याचीच. आता माझ्या लक्षात आलं. समोर नातू असणार, त्याला जिंकवतायत! मला असले लाड मुळीच खपत नाहीत. नियम सांगितला आणि खाली दोन ओळी ठोकून दिल्या — “मुलांना हरूही द्यावं. हरणं हाही खेळाचाच भाग आहे.”

हा म्हणाला, “तुला कोणी विचारलं होतं?”

नव्हतं विचारलं.

१८ जानेवारी, रविवार

हत्तीवाल्यांचा फोन आला. आवाज मऊ, प्रत्येक वाक्याआधी जरा थांबणारा. मला वाटलं, आता माझी कानउघाडणी. तर म्हणाले, “तुमचं बरोबर आहे हो, पण माझं मूल चाळिशी ओलांडलेलं आहे.”

लेक आहे त्यांची. जावई गेले, अचानक. त्यानंतर ती माहेरी आली. रडत नाही, भांडत नाही, बोलतच नाही. जेवतेस का? मान हलवते. बाहेर जाऊ या? मान हलवते. मैत्रिणी येऊन येऊन थकल्या. लहानपणी बाप-लेक हा खेळ खेळायचे. एक दिवस काय करावं सुचेना म्हणून यांनी माळ्यावरची खोकी काढून टेबल मांडलं. तिला बोलावलंही नाही. तीच येऊन समोर बसली.

“तेवढ्यापुरतं बोलते,” म्हणाले. “‘चार इंच.’ ‘फासे टाका.’ ‘तुमची फेरी.’ बस. पण बोलते तरी! रोज संध्याकाळी एकच फेरी खेळतो आम्ही. मी हळू खेळतो. फार हळू. तरी तिची फौज संपतच आलीय. ती पूर्वीपासूनच अंगावर धावून जाणारी.”

मी म्हटलं, “मग दुसरा डाव मांडा की.”

“विचारलं. मान हलवली. नाही म्हणाली.”

मग मूर्खासारखं विचारलं, “हत्ती किती उरलेत?”

“एकच,” म्हणाले, आणि चक्क हसले.

२१ जानेवारी

दिवसभर रक्तगट तपासत होते आणि डोक्यात तिचे घोडेस्वार.

२२ जानेवारी

ज्याची भीती होती तेच झालं. हत्तीवाल्यांनी कळवलंय — त्यांची एक तुकडी तिच्या छावणीत शिरली. त्यांना शिरायचं नव्हतं, पण जिंकलेल्या तुकडीला पुढे जावंच लागतं, नियमच तसा. छावणी गेली. आणि तिचा सेनापतीही पडलाय, हे त्यांनी आज पाहिलं. पुस्तकात लिहिलंय, छावणी गेली आणि सेनापती पडला की लढाई ‘तिथेच’ संपते. तर ‘तिथेच’ म्हणजे लगेच का? की निदान चालू फेरी पुरी करता येते?

खाली एक ओळ — “काही वाट निघते का, एवढं बघा.”

२३ जानेवारी

वाट निघत नाही. पुस्तक उलटसुलट वाचलं. दाढीवाल्यांना फोन केला, कारण न सांगता. ते म्हणाले, “तिथेच म्हणजे तिथेच. याहून सोपा शब्द मला येत नाही.”

हा म्हणाला, “अगं, लिहून टाक ना, आणखी दोन फेऱ्या मिळतात म्हणून! कोणाच्या बापाचं काय जातंय?”

कोणाचंच काही जात नाही. मला माहीत आहे. चहा करताना दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी.

पण एक सारखं मनात येतंय. त्या बाईशी सगळं जग जपून बोलत असणार. हळू आवाजात, शब्द निवडून, आजारी माणसाशी बोलावं तसं. तिला एकच जागा अशी मिळालीय जिथे चार इंच म्हणजे चार इंच. तिथेही मी दया दाखवू? आणि तिच्या ते लक्षात आलं तर? बापाबरोबर खेळत वाढलेली आहे, येणारच लक्षात. मग ती त्या टेबलावरूनही उठेल.

२४ जानेवारी

लिहिलं — “लढाई संपली. फेरी पुरी करता येत नाही. मला मनापासून वाईट वाटतं.”

शेवटचं वाक्य शंकानिरसनात बसत नाही. राहू दिलं.

२५ जानेवारी, रविवार

उत्तर नाही. एरवी लगेच आभार मानतात.

यानं रंगवलेली घोडी माझ्यापुढे आणून ठेवली. छान झालीय. बघवली नाही.

२७ जानेवारी

टेकडीवाल्याच्या नव्या तीन शंका. उघडल्या नाहीत. वाटतं, हे काम दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकावं. मी आपली सुया आणि बाटल्यांपाशीच बरी.

२८ जानेवारी

कामावरून येऊन चपला काढतेय तोच फोन. बाईचा आवाज, ना ओळख ना पाळख.

“निकाल देणाऱ्या त्या तुम्हीच का? काय बघून दिलात हो? माझ्या सेनापतीवर कोणी हल्ला तरी केला होता का? फासे पडले होते का? विचारलंत तुम्ही? कप ठेवताना बाबांच्या स्वेटरची बाही लागली आणि तो आडवा झाला! आडवा दिसला की मेला? चार दिवस दडवलेला तुमचा निकाल आत्ता मला वाचून दाखवला, आणि माझे घोडेस्वार खोक्यात भरायला घेतलेत त्यांनी!”

मी म्हटलं, “तुमचं बरोबर आहे. सेनापती जिवंत असेल तर डाव चालू आहे.”

“आहेच चालू! — बाबा, ते खोकं आधी खाली ठेवा. आणि रडताय काय?”

फोन ठेवायचं ती विसरली. मी एका पायात चप्पल, तशीच उभी राहून ऐकत होते. ती त्यांना रागावत होती, रागावत होती, थांबतच नव्हती.