चौदा मार्कांचा सूड

२ डिसेंबर, लिमोज, फ्रान्स. दुपार.
याचा सूड घेतला नाही तर नावाचा एमेट होल्मक्विस्ट नाही.

आज क्रूझेने राजकीय इतिहासाचे पेपर वाटले. चार तासांचा निबंध. मी अकरा पानं लिहिली होती, तीही फ्रेंचमधून. क्रूझे गठ्ठा घेऊन आला, चष्मा पुसला आणि मार्कांच्या क्रमाने नावं पुकारायला लागला. पहिलंच नाव माझं. वीसपैकी चौदा. खाली शेरा : वाईट नाही.

चौदा म्हणजे सत्तर टक्के! अमेरिकेत, आमच्या डुलूथच्या शाळेत मला सत्तर टक्के एकदाच पडले होते, पोहण्यात, आणि तेव्हा माझा कान फुटला होता. म्हणजे ढ पोरापासून सुरुवात करून हुशारापर्यंत चढत जायचं, अशी या माणसाची पद्धत. पुढची नावं ऐकायला मी थांबलो नाही. बॅग उचलली, ताठ मानेने बाहेर पडलो, दार आपटलं. दाराला वर तो दांडा आहे, त्यामुळे ते आपटलं नाही, हळूच मिटलं. पण भावना पोचल्या असणार.

रात्री.
शत्रू क्रमांक दोन : माएल कॅरादेक. वर्षभराची माझी प्रेझेंटेशनची जोडीदारीण. कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, अरे, चौदा! क्रूझेने असा मार्क कितीतरी वर्षांत कुणाला दिला नव्हता म्हणे! वर माझ्या दोन्ही गालांना गाल लावले.

इतकं उघड उघड कुणी कुणाला टोचतं?

तुला किती, असं मी थंडपणे विचारलं. म्हणाली, बारा, आणि त्या आनंदात आज सगळ्यांना कॉफी माझ्याकडून. खोटारडी. बारा पडल्यावर कुणी कॉफी पाजत नाही. अठरा असणार. मला बरं वाटावं म्हणून बारा सांगितले, म्हणजे वर दयासुद्धा. ही दया मी विसरणार नाही.

कॉफी प्यायलो. दोन.

५ डिसेंबर
शांत डोक्याने विचार केला. हा कोर्स दोन देशांचा. पहिलं वर्ष इथे, मग दोन वर्षं आमच्या डुलूथला, शेवटी परत इथे, आणि मग दोन विद्यापीठांच्या दोन डिग्र्या. पण क्रूझेच्या विषयात वर्षातल्या तीन परीक्षांच्या मार्कांची सरासरी बारा आली नाही तर अमेरिका नाही. याच वर्गात पुन्हा बसायचं. बारा ही तर गाढवांसाठी ठेवलेली अट, आणि मी गाढवांच्या जेमतेम दोन मार्क पुढे.

सुडाचा पहिला टप्पा : आमच्याकडे टर्म संपली की विद्यार्थी मास्तरांना मार्क देतात, निनावी. भल्याभल्यांना मी रडवलं आहे. ऑफिसात जाऊन तो फॉर्म मागितला. ऑफिसातल्या बाईंना समजेना. तीन वेळा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही प्रोफेसर क्रूझेंना तपासणार? आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंना बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. दोघी बराच वेळ हसल्या.

निनावीपणाही गेला.

९ डिसेंबर
जेवताना घरमालकीण मादाम पेरिशू म्हणाल्या, चेहरा का पाडलाय? चौदाचं सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, आमच्या मुलाला, लुसियँला, बारा मिळाले तेव्हा आम्ही बदक कापलं होतं. मग न विचारता मला चीजचा मोठा तुकडा वाढला.

घरात अभ्यासाची परंपराच नाही, दुसरं काय.

१४ जानेवारी
हुकमाचा एक्का सापडला! फेरतपासणी. मार्क मान्य नसेल तर अर्ज करायचा. बाहेरचे दोन परीक्षक पेपर नव्याने तपासतात आणि ते बदलतील तो मार्क कायम. बदलतील म्हणजे वाढवतील, उगाच कोण बदलतंय. अर्जात क्रूझेबद्दल ‘पूर्वग्रहदूषित’ हा शब्द चार वेळा घातला.

१७ जानेवारी
क्रूझेने बोलावून घेतलं. आवाज एकदम मऊ. म्हणाला, महाशय, माझं ऐका, अर्ज मागे घ्या.
घाबरला!!

२२ जानेवारी
आज जिन्यात अडवलं. म्हणाला, तुमच्या भल्यासाठी सांगतो, तो मार्क तसाच राहू द्या. हात जोडायचेच बाकी होते. मी म्हटलं, प्रोफेसर, आता हे प्रकरण माझ्या हातात राहिलेलं नाही. हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

आईला फोन. म्हणाली, अरे, त्यांना वाटत असेल तर ऐक ना. तिला रणनीती कळत नाही.

५ फेब्रुवारी
उद्या माएलसोबत प्रेझेंटेशन. उद्या क्रमांक दोनचा हिशेब.

इथे कशावरही बोलायचं असलं तरी दोन भाग करायचे, प्रत्येक भागाचे दोन पोटभाग, मध्ये जोडवाक्यांचा पूल. माएलने महिनाभर खपून तसा आराखडा केला आहे. पहिला भाग मी बोलायचा, दुसरा तिने. मी तिला हो हो म्हटलंय. आणि उद्या उभा राहून मी माझंच बोलणार : सात मुद्दे, सुरुवातीला विनोद, मध्ये आजोबांची गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी. ती बघत राहील. डुलूथमध्ये या भाषणाला लोक उभे राहिले होते.

६ फेब्रुवारी
कुणी उभं राहिलं नाही.

विनोदानंतर क्रूझेने खिडकीबाहेर पाहिलं. तिसऱ्या मुद्द्याला म्हणाला, महाशय, मासे सोडा. चौथ्याला घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तेव्हा माएल उठली. पांढरीफटक पडली होती. म्हणाली की माझ्या सहकाऱ्याने मुद्दाम विस्कळीत मांडणी केली, कारण त्या काळातला गोंधळ आम्हाला दाखवायचा होता, आता त्याची संगती लावू. आणि हातात एक कागद नसताना माझे मासेसुद्धा तिने दोन भागांत बसवले.

तिला तेरा. मला आठ.

बाहेर आल्यावर विचारत होती, तुला बरं नव्हतं का? असं का केलंस? माझ्या डुलूथचं काय झालं असतं? डोळ्यांत पाणी होतं. मी बॅग उचलून निघालो. सूड घेणाऱ्याने खुलासे करायचे नसतात.

रात्रभर ते डोळे. चीज पचलं नसावं.

३ मार्च
फेरतपासणीचा निकाल. अकरा.

एकवीस लिहायचे ते चुकून अकरा लिहिले असतील, असं आधी वाटलं. मग आठवलं की वीसपैकी असतात.

क्रूझे कॉरिडॉरमध्ये भेटला. नुसती मान हलवली. माएलला सांगावं लागलं, कारण ती विचारतच राहिली. आणि बाईसाहेब कँटीनमध्ये ओरडल्या : चौदा होते ना तुला! वर्गात पहिला होतास, मूर्खा! क्रूझे वरून खाली वाटतो पेपर! पहिलं नाव म्हणजे पहिला नंबर! तुझ्यानंतर मी, मग एकाला अकरा, आणि मग सगळे आठ, सात, पाच! तू दार आपटून गेलास तेव्हा आम्हाला वाटलं, याला चौदाचा माज आला!

(म्हणजे आपटल्याचं कळलं होतं.)

मी ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो. मग लक्षात आलं : हे डिसेंबरमध्येच नीट सांगायला काय झालं होतं हिला? नुसतं ‘चौदा!’ म्हणून गाल लावायचे, याला सांगणं म्हणतात? शत्रू क्रमांक दोन कायम. उलट बढती. क्रमांक एक.

२० मे
उद्या शेवटचा निबंध. अकरा आणि आठ झाले. सरासरी बारा यायला उद्या सतरा हवेत. क्रूझेने जन्मात कुणाला सतरा दिलेले नाहीत. मग कुणीतरी पहिला असणारच ना.

माएलने नोट्सची फाइल दाराशी ठेवली होती. वर चिठ्ठी : दोन भाग, एमेट, फक्त दोन भाग कर. शत्रूची रसद घेत नसतो. मादाम पेरिशूंच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली ती बरोबर बसली.

२१ मे
विषय होता, ‘सत्ता आणि न्याय’. नशीब कसं असतं बघा. मी चोवीस पानांत क्रूझेच्या मार्क देण्याच्या पद्धतीची चामडी सोलली. नाव न घेता. फक्त ‘एक चष्मेवाला अधिकारी’. हात दुखतोय, पण काळीज गार झालं.

१२ जून
सहा.
शेरा : चष्म्याचं वर्णन उत्तम.

बारा गाठलेली दोन-तीन पोरं अमेरिकेला निघाली. मी एकटा अमेरिकन, आणि मीच इथे राहणार. पुन्हा पहिलं वर्ष, पुन्हा क्रूझे. आईला सांगताना म्हटलं की फ्रेंच संस्कृतीत आणखी खोल उतरायचं ठरवलंय. आई म्हणाली, नापास झालास का रे बाळा? मला रडू आलं. लाईन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

माएलला निरोप द्यायला स्टेशनवर गेलो नाही. ती गाडीत बसेपर्यंत समोरच्या बेकरीतून नजर ठेवली, एवढंच.

२८ ऑगस्ट
आईचा फोन. अत्यंत खुशीत. म्हणे, तुझी ती फ्रेंच मैत्रीण विद्यापीठाच्या ऑफिसात, माझ्याच टेबलासमोर, होस्टेलला खोली नाही म्हणून रडवेली उभी होती, तिला मी घरीच घेऊन आले. तुझी खोली रिकामीच होती ना!

माझी खोली. माझा पलंग. आई म्हणे तिला आजोबांबरोबर तळ्यावर मासे धरायला पाठवणार आहे, तळं गोठलं की. आणि जेवताना ती सगळ्यांना सांगते की आमच्या वर्गात सगळ्यात हुशार एमेट, पण तो दार आपटून गेला आणि आम्ही कुणी त्याच्या मागे गेलो नाही, ही आमची चूक झाली.

मी विचारलं, असं म्हणाली? आई म्हणाली, रोज म्हणते. आजोबांना पाठ झालंय.

आता या बाईवर सूड कसा घ्यायचा?

आई म्हणाली, ख्रिसमसला येशील ना? तळघरातला सोफा झाडून ठेवते तुझ्यासाठी. मी साफ सांगितलं, मुळीच येणार नाही. स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून सोफ्यावर झोपायला मी काही भिकारी नाही.

संध्याकाळ.
तिकीट काढलं.